अस्सलबरहुकूम

मराठेशाहीतील सनदा आणि इनामपत्रे ज्यांनी दप्तरखान्यात बसून चाळली आहेत, त्यांस पत्राच्या अखेरीस वारंवार येणारी एक आज्ञा परिचित असेल. या पत्राची तालिक दप्तरी लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्याकरिता धन्यास परत द्यावे, असा तिचा आशय असे. तालिक म्हणजे नक्कल. आणि ती उतरवून घेणाऱ्या कारकुनाची जबाबदारी ही की, ती अस्सलबरहुकूम, म्हणजे मूळ लेखाशी अक्षरशः जुळणारी असावी. ज्या काळी कागद वाळवीच्या, आगीच्या आणि परचक्राच्या भयाखाली नांदत होता, त्या काळी नक्कल करणे ही राज्यकारभारातील खबरदारी होती; आणि पुढे राजवाड्यांसारख्या संशोधकांनी गावोगावची जी दप्तरे सोडवून पाहिली, त्यांत अस्सल कागद केव्हाच गेलेले आणि केवळ नक्कल मागे राहिलेली, असे प्रकार थोडे नव्हते. नकलेचे हे जुने शास्त्र आज आठवण्याचे निमित्त मात्र आमच्या हेंद्रेपाड्यातील एका पत्र्याच्या पेटीने दिले आहे.

हेंद्रेपाडा हा बदलापूर पश्चिमेचा, उल्हास नदीच्या सखल अंगाचा भाग. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी नदीने आपली मर्यादा सोडली. दुसऱ्या खेपेस महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली आणि हजारावर प्रवाशांस सोडवून आणावे लागले, हे वर्तमान सर्व देशाने वाचले. परंतु तळमजल्यावरच्या घरांतून त्या पाण्याने काय काय नेले, याची पुरती यादी पंचनाम्यात येत नाही. पंचनाम्यात धान्य येते, गाद्या येतात, कपाट येते. शाळकरी वयातल्या दहा वर्षांच्या दुपारी ज्यांत साठविलेल्या असतात, त्या वस्तूंचे मूल्य तलाठ्याने कोणत्या रकान्यात मांडावे?

२००५ च्या पुरानंतर चिखल उपसून झाल्यावर दादाने ती पेटी ओट्यावर पालथी केली, तेव्हा तिच्यातून टीव्ही गेमच्या सोळा-सतरा कॅसेटी, सीडींचे एक पाकीट आणि एक मेमरी कार्ड बाहेर पडले. सीडी फडक्याने पुसू लागताच त्यांच्या पाठीवरचा चकचकीत थर, मिठाईवरचा वर्ख बोटाला लागावा तसा, फडक्यालाच चिकटून आला. मेमरी कार्ड वाळवून पाहिले. त्याने पुन्हा प्राण धरला नाही. कॅसेटी मात्र निराळ्या निघाल्या. बाजारात स्वस्तात मिळालेली एक उघडली, तो हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका, आणि त्याखाली गाळाने माखलेले पितळी रंगाचे दाते. बोटीवर नोकरीस असलेल्या मामांनी जपानातून आणलेली मारिओची एकुलती एक अस्सल कॅसेट उघडली, तो तिच्यात छापील क्रमांकांच्या दोन स्वतंत्र, चौकोनी, पाय असलेल्या चिपा. दादाने दोहींचे दाते शाळेच्या खोडरबराने घासले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, आठ दिवस उन्हात ठेवले. आणि दोन्ही चालल्या. अस्सल आणि नक्कल यांतील भेद मी प्रथम डोळ्यांनी पाहिला तो त्या ओट्यावर; आणि पूर दोहींना सारखेच लेखतो, हेही तेथेच कळले.

या कॅसेटीचे मूळ जपानात आहे. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचे यंत्र विक्रीस काढले. सेकंदास सुमारे अठरा लाख ठोके देणारा मेंदू आणि कामापुरती दोन किलोबाइट स्मृती, एवढ्या भांडवलावर त्याने जगातील मुलांस वेड लावले. १९८५ साली तेच यंत्र नव्या पेहरावात अमेरिकेस गेले, तेव्हा कंपनीने त्यास एक कुलूप बसविले: एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटीत, आणि दोघींची खूण पटली तरच खेळ सुरू व्हावा अशी योजना. जपानी यंत्रास मात्र हे कुलूप नव्हते. आणि या एका उणिवेने आशिया खंडातील कोट्यवधी मुलांच्या बालपणाचे स्वरूप ठरविले. तैवानच्या चिपा बनविणाऱ्यांनी जपानी मेंदूची प्रतिकृती सिद्ध केली, तिच्यावर कारखाने उभे राहिले आणि तेथून बिनकुलपी यंत्रांचा जो लोंढा सुटला, तो दक्षिण अमेरिकेपासून रशियापर्यंत आणि रशियापासून आमच्या कल्याण-कर्जत मार्गावरील स्थानकांपर्यंत पोचला. भारतात निन्टेंडोचे यंत्र ‘समुराई’ या नावाने अधिकृतपणेही विकले गेले आणि १९९५ च्या सुमारास सेगा कंपनीची यंत्रे शॉ वॉलेस कंपनीने आणली. परंतु पगारदार चाकरमान्याच्या घरात जे शिरले, ते बहुधा ‘मीडिया’ किंवा तशाच एखाद्या नावाचे, फॅमिकॉमच्या वंशातले, स्वस्त यंत्र होते.

फॅमिकॉम हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारल्याचे मला स्मरत नाही. यंत्राचे नाव टीव्ही गेम, आतल्या खेळाचे नाव कॅसेट, आणि कॅसेट चालली नाही तर तिच्या तोंडात फुंकर मारायची, एवढे शास्त्र प्रत्येक मुलास अवगत असे. कॅसेट आणावयाची ती एक स्थानक ओलांडून उल्हासनगरहून. या शहराचा इतिहासही या कथेस जवळचा आहे. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या कुटुंबांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नामकरण झाले आणि शेजारून वाहणाऱ्या नदीचेच नाव तिला लाभले. मूळ गमावून बसलेल्या त्या कष्टाळू लोकांनी हाती येईल ती वस्तू दुरुस्त करण्याचे, जुळविण्याचे, तशीच दुसरी घडविण्याचे कौशल्य जोपासून भांडवलाशिवाय बाजारपेठ उभी केली. त्या बाजारात कॅसेटींचे ढीग असत. एकीवर ९९,९९९ खेळांची ग्वाही छापलेली असे, आणि पडद्यावर यादी उलगडता उलगडता कळे की, खरे खेळ दोन-चार डझन आणि बाकीची तीच मंडळी नाव बदलून पुन्हा उभी. तरी त्या यादीत मारिओ होता, कॉन्ट्रा होता, टँक होता, आणि आमच्यापुरते तेवढे जग पूर्ण होते. अस्सल माल या दारात क्वचितच आला. एका संपूर्ण पिढीने नकलेवर आपले बालपण काढले, हे ऐतिहासिक सत्य म्हणून नमूद करावयास हवे.

आता नक्कल म्हणजे काय, ती कशी होते, हे जरा जवळून पाहू. मामांच्या कॅसेटीतील दोन चिपांपैकी एकीत यंत्रास द्यावयाचे हुकूम आहेत, त्यांचे ३२,७६८ बाइट; दुसरीत चित्रे आहेत, त्यांचे ८,१९२; एकूण ४०,९६०. चाळीस किलोबाइटांच्या या पोतडीत मारिओचे सर्व राज्य, त्याचे किल्ले, त्याचे पाताळ, त्याचे संगीत सामावले आहे. संगणकात साठविल्यास हा प्रस्तुत लेखही जवळजवळ तेवढीच जागा व्यापील. हुकमांच्या चिपेस पंधरा तारा पत्ता सांगण्याच्या आणि आठ तारा उत्तर देण्याच्या असतात. पंधरा तारांवर एक-शून्याची जुळणी करून घराचा क्रमांक सांगावा, आठ तारांवर त्या घरातला आकडा वाचून टिपून घ्यावा, मग पुढच्या घरास जावे. अशी ३२,७६८ घरे ओळीने फिरून झाली म्हणजे झाडा पुरा झाला. मोठ्या खेळांत घरे इतकी असतात की पंधरा तारांस ती एकदम दिसत नाहीत. तेथे कॅसेटीतीलच एक निराळी चिप पोथीची पाने उलटावीत तशी एकेक पान पुढे करते आणि वाचणाऱ्यास ते उलटण्याची खूण ठाऊक असावी लागते. हे काम करणारे तळहाताएवढे यंत्र आज विकत मिळते. तीस वर्षांपूर्वी त्यासाठी ‘सुपर मॅजिकॉम’सारखे फ्लॉपी घेणारे यंत्र लागे, आणि त्या यंत्राच्या नावाची आद्याक्षरे आजही सुपर निन्टेंडो या यंत्राच्या खेळांच्या फायलींना शेपटासारखी चिकटून राहिली आहेत.

झाडा झाला तरी तो अस्सलबरहुकूम आहे हे कशावरून? येथे जुन्या कारकुनाचा धर्म नव्या गणिताने पाळला आहे. फाइलीतील सर्व आकड्यांवर एक ठरावीक गणिती क्रिया करून चाळीस अक्षरांची एक मुद्रा काढतात. चाळीस हजार बाइटांपैकी एका बाइटात जरी अणुमात्र फरक पडला, तरी मुद्रा ओळखू न येण्याइतकी पालटते. नो-इंट्रो या गटाने कॅसेटींच्या आणि रीडम्प या गटाने तबकड्यांच्या अशा मुद्रांच्या याद्या वर्षानुवर्षे चिकाटीने जुळविल्या आहेत. निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या प्रतींवरून स्वतंत्रपणे घेतलेल्या नकलांची मुद्रा एक आली, की ती नक्कल विश्वसनीय ठरते. दोन पोथ्या ताडून पाठ निश्चित करणाऱ्या पंडितांच्या परिश्रमांशी या परिश्रमांचे नाते सख्खे आहे, असे मी मानतो.

पुढे कॅसेट गेली आणि तबकडी आली. सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन काढले तेव्हा कुलूप तबकडीतच कोरले: तिच्या आतल्या कडेच्या मार्गास एक सूक्ष्म नागमोडी वळण देऊन त्यात चार अक्षरांची खूण लपविली, जी घरच्या संगणकास उतरविताच येऊ नये. मग बाजाराने यंत्रात एक चिप बसविण्याची युक्ती काढली. ती चिप तबकडीच्या ऐवजी स्वतःच ती खूण यंत्राच्या कानात सांगे. ‘चिप मारलेला’ प्लेस्टेशन हा शब्दप्रयोग आमच्या पिढीच्या बोलीत तेव्हापासून रुळला. लॅमिंग्टन रोडपासून उल्हासनगरपर्यंत सर्वत्र हे काम चाले आणि कोरी सीडी जेवढ्याला पडे त्याच्या थोड्याच वर खेळ मिळे. यात खेळ रचणाऱ्या कलावंतांस त्यांच्या घामाचा दामही पोचला नाही, ही गोष्ट आपल्या बालपणीच्या प्रेमाखातर झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

म्हणूनच विवेकाची रेषा कोठे आहे ते पाहिले पाहिजे, आणि संतोषाची गोष्ट ही की, आपल्या देशाच्या कायद्याने ती बऱ्याच स्पष्टपणे आखली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद घातली: संगणकीय प्रोग्रामची प्रत ज्याच्या ताब्यात कायदेशीरपणे आहे, त्याने नाश, हानी किंवा नुकसान यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, आणि मूळ उपयोगापुरतीच, तिची राखीव नक्कल केली तर तो हक्कभंग नव्हे. १९९९ च्या दुरुस्तीने, स्वतः रीतसर मिळविलेल्या प्रतीवरून स्वतःच्या बिगर-व्यापारी वापरासाठी नक्कल करण्यासही मोकळीक दिली. २०१२ साली कुलूप तोडण्यास शिक्षा सांगणारे कलम आले, परंतु तेही हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलेल्या कुलपापुरते. अमेरिकेत १९९२ साली दोन निकाल असेच मार्गदर्शक झाले. सेगाच्या यंत्रावर चालतील असे खेळ करता यावेत म्हणून अकोलेड कंपनीने सेगाचा प्रोग्राम उलगडून वाचला, ते न्यायालयाने ग्राह्य धरले. आणि निन्टेंडोच्या कुलपाचा मजकूर अटारी गेम्सने सरकारी कॉपीराइट कचेरीतून खोटे कारण सांगून मिळविला, ते ग्राह्य धरले नाही. समजून घेण्यासाठी वाचणे हा अपराध नव्हे, पण वाचण्याचा मार्ग शुद्ध असावा, असे या दोन निकालांचे सार एका वाक्यात सांगता येईल. या कसोटीने आमच्या पेटीतील मामांच्या कॅसेटीची नक्कल करण्याचा अधिकार आम्हांस आहे, बाजारच्या ढिगातून आलेल्यांची नाही.

परंतु या इतिहासाचे सर्वांत उज्ज्वल पान नकलेचे नाही, ते घरच्या निपजीचे आहे. यंत्र ज्याने घडविले त्याची परवानगी, त्याची हत्यारे, त्याचे दस्तऐवज यांपैकी काहीही हाती नसता, केवळ जिज्ञासेने त्या यंत्रासाठी नवा प्रोग्राम लिहिणे, यास या छंदातील मंडळींत होमब्रू म्हणतात. २००६ साली निघालेल्या निन्टेंडोच्या वी या यंत्राची कथा यासाठी सांगण्याजोगी आहे. काही तरुण अभ्यासकांनी एका साध्या चिमट्याने यंत्राच्या स्मृतीच्या तारा क्षणभर जोडून तिच्यातील गुप्त किल्ल्या वाचल्या, आणि डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत आपला प्रयोग दाखविला. चिमट्यावरूनच त्यांच्या गटास ट्वीझर्स हे नाव पडले. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी सामान्य माणसासाठी दार उघडले, ते झेल्डा मालिकेतील ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या खेळातून. त्या खेळात नायकाच्या घोडीस खेळणाऱ्याने नाव द्यावयाचे असते. खेळाने त्या नावासाठी ठरावीक रुंदीचा रकाना राखला होता, पण नाव रकान्यात मावते की नाही हे तपासले नव्हते. या मंडळींनी जतन केलेल्या खेळाची एक फाइल अशी सिद्ध केली की, घोडीचे नाव रकाना ओलांडून शेजारच्या जागी सांडावे. आणि शेजारी नेमके ‘आता पुढचा हुकूम कोठून वाचावा’ हे लिहिलेले असे. चोपडीत एका रकान्याची शाई दुसऱ्यावर उतरून मुन्शीने भलताच हुकूम बजावावा, तसे यंत्र खेळ सोडून पाहुण्याचा प्रोग्राम चालवू लागले. घोडे बदलण्याचा टप्पा म्हणून बदलापूर हे नाव पडले, अशी आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगण्याची रीत आहे. घोडीच्या नावाने उघडलेल्या या कुलपाची गोष्ट येथल्या मुलांस मी म्हणूनच विशेष अगत्याने सांगतो. त्या गटाने चोरट्या प्रतींस आपला पाठिंबा नाही हे उघड बजावले होते, हेही त्याबरोबरच सांगतो.

अशा घरच्या निपजीतून काय पिकले, याचा दाखला कित्येकांच्या दिवाणखान्यात आहे. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर चित्रपट पाहता यावेत म्हणून हौशी मंडळींनी लिहिलेला प्रोग्राम वाढत वाढत यंत्राच्या बाहेर पडला आणि आज तो कोडी या नावाने जगभर मोफत वापरला जातो. जर्मनीतील मॉर्फकॅट या छोट्या चमूने २०१९ साली ‘मायक्रो मेजेस’ हा नवाकोरा खेळ निन्टेंडोच्या त्या जुन्या यंत्रासाठी रचला, तो मारिओच्याच चाळीस किलोबाइटांत बसवून. तोही त्या यंत्रात घालावयाच्या अस्सल कॅसेटीसह. नकलेच्या बाजारातून ज्या यंत्राची ओळख झाली, त्यावर आपले स्वतःचे अस्सल निर्माण करणे, ही त्या ओळखीची खरी परतफेड होय.

येथे भोगवटा या जुन्या शब्दाकडे पुन्हा वळले पाहिजे. इनामदारास जमिनीचा भोगवटा असे. सरकारच्या मर्जीने तो जप्तही होई, आणि म्हणूनच सनदेची तालिक जिवापाड जपली जाई. आज खेळ विकत घेणाऱ्याची अवस्था तीच होत चालली आहे. कॅसेट हाती असे तोवर ती आपली होती. दूरच्या दुकानातून यंत्रात उतरविलेल्या खेळाचा आपणास भोगवटा आहे, मालकी नाही. वी यंत्राचे दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी मिटले. थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी मिटली, आणि केवळ तेथेच मिळणारे कित्येक खेळ विकत घेण्याचा मार्ग त्या दिवशी कायमचा बंद झाला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा बाजारात उपलब्ध नव्हते. अस्सल जपणारे जेव्हा हात आखडतात, तेव्हा साहित्याचा असो वा खेळाचा, इतिहास नकलेच्याच आधाराने तगतो. आपल्या पोथ्यांनी हे आपणास फार पूर्वी शिकविले आहे.

तेव्हा हेंद्रेपाड्यातील, अंबरनाथ-उल्हासनगरातील आणि जेथे जेथे माळ्यावर अशी पेटी पडली असेल तेथल्या वाचकांस माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ती खाली काढावी. दाते खोडरबराने स्वच्छ करावे, जी कॅसेट किंवा तबकडी रीतसर आपली आहे तिची नक्कल करून घ्यावी, मुद्रा ताडून पाहावी आणि ती नक्कल पुराचे पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवावी. जी बाजारची आहे तिचा व्यापार करू नये, पण ती फेकूही नये. ती कोठून, कोणत्या साली आणली हे कागदावर लिहून तो कागद तिच्याजवळ ठेवावा, कारण या मुलखाच्या एका पिढीच्या बालपणाचा तो पुरावा आहे. आणि घरात एखाद्या मुलास ते यंत्र उघडून आत काय आहे ते पाहावेसे वाटले, तर त्यास पेचकस आणून द्यावा. मामांच्या मारिओची अस्सलबरहुकूम नक्कल आता आमच्या वरच्या मजल्यावर आहे, आणि अस्सल कॅसेट भोगवट्याकरिता दादाच्या मुलीकडे परत दिली आहे.